चला, घसरू या... पण कुठे?

सुरुवातीलाच एक कबुली देते. दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर मराठी विभागाच्या मॅडमनी त्या मोठ्या मनाने सुधारून घ्याव्यात. पण गुलमर्गहून आल्यापासून विंगमधली प्रत्येक मुलगी (आणि मेसमधले काकासुद्धा!) एकच प्रश्न विचारतात, “स्कीइंगला सगळ्यात भारी जागा कुठली?” प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, श्रीनगरच्या एनआयटीत शिकतो. कॉलेज हजरतबलला, दल सरोवराच्या काठाशी. तिथून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. मला वाटायचं, तिथली सगळी पोरं दर रविवारी स्कीइंग करत असणार. कसलं काय! ऐन बर्फाच्या दिवसांत कॉलेजला हिवाळी सुट्टी असते आणि दादा बॅग भरून घरी पुण्याला येतो. विहिरीशेजारी राहून तहानलेला! तेव्हा पहिली गोष्ट लक्षात घ्या, डोंगर जवळ असला म्हणजे स्कीइंग मिळतंच असं नाही. त्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात.

पहिला प्रश्न : बर्फ आहे का?

हसू नका. जानेवारी २०२४ मध्ये आम्ही सहकुटुंब गुलमर्गला गेलो, तेव्हा बर्फच नव्हता! पिवळं पडलेलं गवत, त्यावर चरणारे घोडे आणि दुकानांपुढे रचून ठेवलेल्या स्की. माझ्या सगळ्या फोटोंत कानटोपी आहे, बर्फ नाही. महिन्याच्या शेवटी तो पडला, पण तोवर आमचं सेकंड सेमिस्टर सुरू झालं होतं.

कारण असं की काश्मीरचा हिवाळी बर्फ आपल्या मोसमी वाऱ्यांवर येत नाही. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या वादळी प्रणाली, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, तो घेऊन येतात. त्या रुसल्या की बर्फ नाही. तिथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडक थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात, पण थंडी आली म्हणून बर्फ आलाच असं नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर पुरेसा बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धासुद्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. तेव्हा कॅलेंडर बघून नव्हे, तिथल्या माणसाला फोन करून तारीख ठरवा. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची अखेर हा काळ एरवी चांगला.

दुसरा प्रश्न : उतार किती?

आमच्या होस्टेलच्या जिन्याचा उतार किती अंशांचा आहे, हे कुणी मोजलंय का? मी परत आल्यावर मोजला. पायरी १६ सेंटिमीटर उंच आणि २८ सेंटिमीटर रुंद. म्हणजे जवळजवळ ३० अंश. आणि मेसच्या मागे सिलिंडरच्या ट्रॉलीसाठी केलेला रॅम्प आहे ना, एकास आठचा? तो सुमारे ७ अंशांचा.

आता फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. घर्षण सोडून दिलं तर रॅम्पवर चार सेकंदांत तुमचा वेग ताशी १७ किलोमीटर होईल, म्हणजे सायकलएवढा. जिन्याच्या उतारावर तेवढ्याच वेळात ताशी ७० किलोमीटर! स्कीवर घर्षण फार कमी असतं, त्यामुळे हा हिशेब अगदीच पुस्तकी नाही.

गुलमर्गला तीन मजले आहेत असं समजा. तळमजला म्हणजे सुमारे २,६५० मीटरवरचं मैदान. उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात, हिवाळ्यात तिथल्याच सौम्य उतारांवर नवशिके पडतात. तिथून गोंडोला (केबल कार) पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला नेतो आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवाटच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. हा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि त्यामुळेच जगभरचे पट्टीचे स्कीअर इथे यायला लागले. पण ‘जगभरचे लोक जातात तीच भारी जागा’ हे आपल्या बाबतीत साफ चूक आहे. आपली जागा रॅम्प, जिना नव्हे.

आणि जिन्याची भीती नुसती वेगाची नाही. बर्फाची दरड, म्हणजे हिमस्खलन, सगळ्यात जास्त ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होतं. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो, फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही. बर्फ एकसंध नसतो, प्रत्येक वेळी पडतो त्याचा वेगळा थर बसतो. खाली जमीन जरा उबदार आणि वर हवा गोठवणारी असली की खालच्या थरात साखरेसारखे मोकळे दाणे तयार होतात. त्यावर वाऱ्याने आणलेल्या बर्फाची घट्ट लादी बसते. वरून सगळं गुळगुळीत, सुंदर. एका माणसाचं वजन पडलं तरी खालचे दाणे ढासळतात आणि अख्खी लादी सुटते. सिव्हिलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी २०१० मध्ये अशाच हिमस्खलनात लष्कराच्या प्रशिक्षण केंद्राचे १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटवर पोलंडचे दोन स्कीअर, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. म्हणून राखलेल्या हद्दीबाहेर जाणारे लोक अंगावर ट्रान्सीव्हर बांधतात. तो ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देत राहतो, म्हणजे कुणी गाडलं गेलं तर बाकीचे शोधून, फावड्याने उकरून काढू शकतात. हाताशी पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात, पुढे जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. तुमच्याकडे हे यंत्र, ते वापरण्याचं शिक्षण आणि जाणकार सोबत नसेल तर दोरीपलीकडे पाय टाकू नका.

तिसरा प्रश्न : थांबता येतं का?

दुसऱ्यांदा मी मार्च २०२५ मध्ये गेले, अटेंडन्सचा बळी देऊन. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू, पुढे सुमो. (जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाली, त्यामुळे आता चिनाबच्या पुलावरून रेल्वेने जाता येतं.) दादाच्या वर्गमित्राचं घर गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला आहे, तिथे मुक्काम. चाचींनी पहिल्याच संध्याकाळी हातात कांगडी आणि गुलाबी खारट चहा दिला. चहा संपवायला मला तीन दिवस सराव लागला!

शिकवायला एक वयस्कर उस्ताद होते. पहिले दोन दिवस त्यांनी फक्त पडायला, उठायला आणि स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवून ब्रेक लावायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी मी जरा वळायला लागले आणि डोक्यात हवा गेली. म्हटलं, “उस्ताद, अब ऊपर चलें?” त्यांनी शांतपणे विचारलं, “बेटा, रुकना आता है?” मी म्हटलं, “हो, येतं की!” ते नुसतेच हसले.

चौथ्या दिवशी ते चहाला गेलेले असताना मी एकटीच वरच्या उतारावर चढले. तो ‘जिना’ही नव्हता, फार तर पंधरा अंश. पहिली पाच सेकंद स्वर्ग! मग समोर देवदारांची रांग दिसली, ब्रेक लावायला पाय फाकवले आणि काहीच झालं नाही. मी मुद्दाम कडेला अंग टाकलं. एक स्की निघून गेली, गुडघा पिरगळला आणि झाडापासून दोन हातांवर मी थांबले. आईला अजून हे माहीत नाही. (अंक घरी नेणार नाही.)

वाचले ती बाइंडिंगमुळे. बाइंडिंग म्हणजे बुटाला स्कीशी जोडणारी कळ. ती फ्यूजसारखी असते, ठरावीक जोर आला की स्वतःहून सुटते आणि पाय मोडत नाही. वजन आणि कसब बघून ती सेट करतात. भाड्याने स्की घेताना जाकिटाचा रंग बघू नका, आपलं खरं वजन सांगा (मैत्रिणींनो, खरं!) आणि बाइंडिंग समोर सेट करून घ्या. बूट घट्ट हवा, हेल्मेट हवंच. शिकायला केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गलाच आहे, तिचे निवासी कोर्स असतात. खासगी उस्ताद घेतलात तर पहिल्या दिवशी तो तुम्हाला वर नेतो की थांबायला शिकवतो, ते बघा. वर नेणारा नको.

एम.टेक.ला मंडीला गेलात तर मनालीजवळचं सोलंग आहे, रुडकीला गेलात तर औली. औलीचा जोशीमठहून जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यावर बंद केला गेला, तेव्हा तिथल्या वाटेची चौकशी आधी करा. प्रश्न मात्र सगळीकडे हेच तीन.

एक गोष्ट राहिली. मी परतल्यावर महिन्याभरातच, २२ एप्रिल २०२५ला, पहलगामचा हल्ला झाला. आपल्या महाराष्ट्रातलेही लोक त्यात गेले. त्या रात्री चाचींचाच फोन आला, त्या रडत होत्या. मी काय बोलावं ते मला सुचलं नाही. जाण्याआधी परिस्थितीची नीट चौकशी करा, घरच्यांशी बोला, हे सांगायलाच हवं. पण तो फोनही मला विसरता येत नाही.

तर, सगळ्यात भारी जागा कुठली? ज्या उतारावर तुम्हाला हवं तिथे थांबता येतं, ती. मग ती वीस मीटरची का असेना. परवा जिन्यावरून धावत उतरणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलीला मी सहज विचारलं, “रुकना आता है?” ती घाबरून थांबली. तिला वाटलं, रॅगिंग!