हात गार पडलेत का?

ऑक्टोबरचे दिवस. कुडपणच्या खाचरांत भात कापणीला आलंय. पोलादपूर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या कण्याला टेकलेलं हे गाव. सिंहगडच्या लढाईत लढलेल्या शेलारमामांचं गाव म्हणून इतिहासाची ओढ असलेली माणसं इथे येतात, पावसाळ्यात भीमाची काठी धबधबा बघायला तरुण पोरं येतात. समजा, कापणीच्या गडबडीत एका बाईने पेंढ्या उचलल्या आणि बोटाला डंख बसला. बांधाच्या दगडात पळालेला विंचू लहानखुरा होता, लालसर. घरातल्यांनी गावच्या आरोग्य स्वयंसेविका आशाताईंना हाक मारली, त्यांनी फोन लावला. पलीकडून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, हात गार पडलेत का त्यांचे?"

ही बाई आणि हा फोन मी कल्पनेतून घेतले आहेत. प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो कुडपणपासून फार लांब नसलेल्या महाड तालुक्यातच घडला आहे. डिजिटल आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घड्याळं, ॲप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता येते. या डोंगराळ भागात ते तंत्रज्ञान नेमकं कुठे उपयोगी पडतं हे समजून घ्यायचं, तर सुरुवात विंचवापासूनच करायला हवी.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, शिक्षणासाठी अपार कष्ट काढलेला हा तरुण डॉक्टर. त्या काळी लाल विंचू चावून गंभीर झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीस-चाळीस दगावत. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेणारं विष या लहान लाल विंचवाचं. विंचवाने माणूस मरतो कसा, याचं उत्तर पुस्तकात धड नव्हतं. बावस्कर रुग्णांच्या खाटेशी रात्र रात्र बसले. दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचं तापमान असं सगळं टिपत राहिले. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. आधी उलटी, अंगभर घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार. मग रक्तदाब चढतो. काही तासांनी हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि माणूस गुदमरतो. ही निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

कारण असं. या विषामुळे मज्जातंतूंच्या पेशींमधली सोडियमची दारं उघडीच राहतात. तंतू थांबायचं विसरतात आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून तळवे गार. आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं. म्हणजे गार हात हे भीतीचं किंवा अशक्तपणाचं लक्षण नव्हतं. आत चाललेल्या वादळाची ती पहिली खूण होती, आणि ती बघायला हाताचा स्पर्श पुरेसा होता.

उपाय म्हणजे आवळलेल्या नळ्या सैल करायच्या. आधी सलाईनमधून थेंबाथेंबाने द्यायचं सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून झालं. पण त्यासाठी मिनिटामिनिटाला रक्तदाब बघणारा माणूस शेजारी हवा. मग प्राझोसिन आलं. रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ॲड्रेनलिन जिथे जाऊन बसतं, ती रक्तवाहिन्यांवरची जागाच ही गोळी अडवते. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. पुढे प्रतिविषही तयार झालं. २०११ साली 'बीएमजे'मध्ये महाडच्या ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनने बरं व्हायला सरासरी सतरा-अठरा तास लागत होते, सोबत प्रतिविष दिल्यावर आठ तास. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता पुन्हा कुडपणच्या फोनकडे. तिथून पोलादपूर, मग महाड, आणखी गरज पडली तर अलिबाग किंवा मुंबई, हा आजारी माणसाचा नेहमीचा मार्ग. महामार्ग गाठला की अंतर किलोमीटरमध्ये सांगता येतं. त्याच्या वरच्या बाजूला ते वळणं, पाऊस आणि दारात गाडी आहे की नाही यावर ठरतं. विंचवाच्या विषाला हे कळत नाही. पहिले दोन-तीन तास मोलाचे. नुसती असह्य कळ आहे, पण घाम-उलटी नाही, हात उबदार आहेत, तर धोका कमी. हात गार पडले, घाम सुटला, की वेळ न दवडता औषध हवं. हा फरक फोनवरच्या चार प्रश्नांनी कळू शकतो. निदानाचा इतका मोठा भाग साध्या कीपॅडच्या फोनवरूनही होतो, हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग यंत्रं कशाला? ती लागतातच, पण प्रत्येकाची मर्यादा माहीत असायला हवी. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेलं पल्स ऑक्सिमीटर घ्या. बोटाला लावायच्या या चिमट्यातून दोन प्रकाश जातात. एक लाल, एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं रक्त अवरक्त जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं रक्त लाल. नाडीच्या ठोक्यागणिक बोटातलं रक्त कमी-जास्त होतं, आणि त्या बदलावरून यंत्र आकडा काढतं. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने सत्तरच्या दशकात ही युक्ती शोधली. ठोका मिळाला तरच हिशोब जमतो. विंचवाच्या विषाने बोटाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतील, तर यंत्राला ठोका नीट सापडत नाही. पडद्यावर रेघा येतात किंवा आकडा भलताच दिसतो. ज्या रुग्णाला खरा धोका आहे, नेमक्या त्याच्याच बोटावर यंत्र अडखळतं. आशाताईंना हे शिकवलेलं असेल, तर "आकडा येत नाही, डॉक्टर, बोट बर्फासारखं आहे" हेच वाक्य निदान ठरतं. शिकवलेलं नसेल, तर त्या सेल बदलत बसतील.

याच यंत्राचा आणखी एक दोष २०२० मध्ये अमेरिकेत ठळकपणे पुढे आला. काळ्या त्वचेच्या रुग्णांमध्ये लपलेली ऑक्सिजनची कमतरता यंत्राच्या नजरेतून सुटण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. उन्हात रापलेल्या, भेगा पडलेल्या, मेंदीने रंगलेल्या आपल्या बोटांवर यंत्र काय दाखवतं, हे आपल्याच माणसांवर तपासायला हवं.

हृदयाच्या आलेखाची गोष्ट वेगळी. ईसीजी तारेवरून पाठवणं ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. हॉलंडमधल्या लायडनमध्ये विलेम आइंटहोवेन यांचं यंत्र इतकं अवजड होतं की ते रुग्णालयात नेणं अशक्य. म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णालयापासून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेने आलेख आणला. आज तेच काम वहीएवढं यंत्र आणि मोबाइल करतात. छातीत दुखणारा माणूस ग्रामीण रुग्णालयात आला की बारा बाजूंनी काढलेला आलेख काही मिनिटांत दूरच्या हृदयरोगतज्ज्ञापुढे जाऊ शकतो. मनगटी घड्याळातला ईसीजी एकाच बाजूने बघतो. ठोक्यांची अनियमितता त्याला पकडता येते, पण हृदयाच्या कोणत्या भागाचा रक्तपुरवठा तुटला हे सांगायला बारा बाजू लागतात.

याचं मोल अंतरामुळे वाढतं. रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेल्या झटक्यात निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यावं, असा वैद्यकातला संकेत आहे. कुडपणहून मुंबई-पुण्याची कॅथलॅब १२० मिनिटांत गाठणं शक्य नाही. म्हणजे इथल्या रुग्णाचा जीव बराचसा त्या इंजेक्शनवर अवलंबून, आणि ते द्यायचं धाडस तालुक्यातल्या तरुण डॉक्टरला आलेख वाचून "द्या" म्हणणाऱ्या ज्येष्ठाच्या आवाजाने येतं. इथे तंत्रज्ञान दोन डॉक्टरांमध्ये विश्वास पोहोचवतं.

केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' सेवा याच विचारावर उभी आहे. मोहालीच्या सी-डॅकने ती तयार केली, नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी जोडून देतात. एप्रिल २०२० पासून घरूनही सल्ला घेता येऊ लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत दोन्ही मार्गांच्या सल्ल्यांनी मिळून १० कोटींचा टप्पा ओलांडला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी दुरून कोणती औषधं लिहून देता येतील याच्या मर्यादाही घालून दिल्या. मला यातला उपकेंद्राचा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो. रुग्णाच्या शेजारी पोटाला हात लावून बघणारं, दाब मोजणारं कुणी असतं, आणि पलीकडच्या डॉक्टरला ते डोळे-हात उसने मिळतात.

विंचू आणि हृदयविकार हे घाईचे आजार. सावकाश पोखरणाऱ्या आजारांचं काय? या भागातल्या कित्येक घरांत म्हातारा-म्हातारी गावी आणि मुलगा मुंबईला. मुलगा गणपतीला, शिमग्याला येतो, औषधांचा डबा उघडतो आणि गोळ्या अर्ध्याच संपलेल्या दिसतात. डोंगराच्या पलीकडचा सातारा जिल्हा २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीपासून होता. तिथे 'सिंपल' नावाचं ॲप वापरलं गेलं. सिस्टर रुग्णाच्या कार्डावरचा चौकोनी कोड टिपते, दाबाचा आकडा आणि दिलेली औषधं नोंदवते, मिनिटभरात काम होतं. खरा उपयोग पुढे आहे. कोण ठरल्या तारखेला आलं नाही, याची यादी ॲप आपसूक देतं आणि सिस्टर फोन करते. रक्तदाब दुखत नाही, म्हणून माणूस येणं थांबवतो. त्याची आठवण दुसऱ्या कुणीतरी ठेवावी लागते.

क्षयरोगात हे आणखी स्पष्ट दिसतं. मुंबईच्या चाळीत खोकला सुरू झाला, पालिकेच्या दवाखान्यात औषध चालू झालं, ताकद गेली म्हणून माणूस गावी परतला. पूर्वी इथेच साखळी तुटायची. २०१२ पासून 'निक्षय' या राष्ट्रीय नोंदणीत प्रत्येक रुग्णाचा क्रमांक असतो. मुंबईतली नोंद पोलादपूरला वर्ग करता येते, आणि आशाताईंना कोणत्या दारात जायचं ते कळतं. निदानासाठी गोव्याच्या मोलबायो कंपनीचं 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. थुंकीच्या नमुन्यातली जिवाणूची जनुकं ते तासाभरात ओळखतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याला मान्यता दिली. छातीच्या एक्स-रेवरचे संशयास्पद डाग संगणकाकडून हेरण्यालाही तिने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी संमती दिली. संगणकाने बोट ठेवलं तरी थुंकीची तपासणी करावीच लागते, आणि ते योग्यच आहे.

या सगळ्याखाली एक जमीन आहे, टॉवर आणि विजेची. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीच्या पुराने महाड बुडालं, फोन मुके झाले. २२ जुलैच्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, आणि बचावपथक पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवसांत दरडींनी माणसं गिळली. ज्या चार महिन्यांत रस्ते तुटतात, त्याच चार महिन्यांत नेटवर्कही तुटतं. म्हणून या तालुक्यांत डिजिटल आरोग्याचा पहिला खर्च टॉवरच्या बॅटरीवर आणि उपकेंद्राच्या छपरावरल्या सौर पॅनेलवर व्हावा, असं माझं ठाम मत आहे. नेट नसताना नोंद फोनमध्ये साठून राहावी आणि रेंज आल्यावर वर जावी, ही सोय नसलेलं ॲप इथे पाठवूच नये.

आणखी एक गोष्ट, फोन कुणाच्या हातात असतो ती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. उरलेल्यांना येणारा संदेश नवरा, दीर किंवा मुलगा वाचतो. नव्या सुनेच्या क्षयाची बातमी आधी तिला कळायला हवी. डिजिटल आरोग्य नोंदींचा चौदा आकडी 'आभा' क्रमांक तिला मिळाला, पण तो उघडणारा ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर येत असेल, तर ती नोंद तिची कशी म्हणायची? असा निरोप आशाताईंनी घरी येऊन, तिला बाजूला घेऊन सांगावा.

आणि ती कापणीची बाई? आशाताईंनी डंखाची वेळ वहीत लिहिली, फोटो काढून पाठवला. डॉक्टरांनी तिला झोपवून ठेवायला सांगितलं, कारण प्राझोसिननंतर एकदम उठलं तर दाब घसरून भोवळ येते. उपकेंद्रात गोळी होती, सिस्टरने डॉक्टरांच्या सांगण्याबरहुकूम वजनाच्या हिशोबाने दिली. १०८ ची गाडी खालून निघाली. महाडला पोहोचेपर्यंत पुढच्या गोळीची वेळ झाली, कारण हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी ती द्यायची असते. पहाटे केव्हातरी घाम थांबला. आशाताईंनी तिचा तळवा आपल्या हातात घेतला, मग चिमटा पुन्हा बोटाला लावला. आदल्या संध्याकाळपासून नुसत्या रेघा दाखवणाऱ्या पडद्यावर आकडा स्थिर झाला, ९७.