मक्यावरची लष्करी अळी : यंत्राचा इशारा आणि आपली नजर

पाऊस बरा झाला, पेरण्या आटोपल्या. सिल्लोड, कन्नड, भोकरदनकडे मका आता दोन-तीन पानांवर आला असेल. लष्करी अळीही याच वेळेला येते. तिच्यावर कोणतं औषध मारायचं याची चर्चा गावात भरपूर होते. आज आपण त्याच्या आधीचं बोलू. ती शेतात आली हे लवकर कसं कळायचं आणि त्यासाठी आता कोणती यंत्रं आली आहेत, ते पाहू.

ही अळी आपल्याकडची नाही. तिचं मूळ अमेरिका खंडात आहे, म्हणूनच तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत दिसली. मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्ग्याला मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यात पोचली. पुढे मका पिकवणाऱ्या बहुतेक राज्यांत ती पसरली. तिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून 'आमच्या शिवारात नाही' असं म्हणून निवांत बसता येत नाही.

आता घाई कशासाठी, ते समजून घेऊ. मादी पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर मळकट केसांचं पांघरूण घालते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, त्यामुळे पानावर पांढरे पापुद्रे दिसतात. पुढे अळी पोंग्यात शिरते आणि आतून खाते. तिची भुशासारखी विष्ठा पोंग्यात साचते. मग औषध तेच, पंप तोच, मजुरी तीच, पण फवारा अळीपर्यंत पोचतच नाही. आठ दिवस आधी कमी खर्चात झालं असतं, त्याला नंतर दोन-तीन फवारण्या लागतात. हा पैसा शेवटी घरातूनच जातो, आणि कधीकधी गटाच्या कर्जातूनही.

लवकर कळावं म्हणून कामगंध सापळा लावतात. त्यात एक छोटी गोळी असते, तिला ल्यूर म्हणतात. तिला मादीसारखा वास असतो, म्हणून नर पतंग येऊन अडकतात. एकरी पाच सापळे पुरतात. पतंग सापडले म्हणजे अंडी घालायची वेळ आली असं समजायचं. आपल्या राज्यात २००९ पासून क्रॉपसॅप योजनेत अशी कीडपाहणी होते. पण माणूस आठवड्यातून एकदा येऊन मोजणार असेल, तर मधल्या दिवसांत अंडी फुटून अळी पोंग्याकडे निघालेली असते.

आपोआप मोजणाऱ्या सापळ्याचा उपयोग इथे होतो. सापळा तोच, ल्यूर तीच, फक्त आत छोटा कॅमेरा आणि वर सौर पट्टी असते. कॅमेरा रोज फोटो काढतो आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून पाठवतो. हजारो फोटो दाखवून तयार केलेला संगणक त्यातले पतंग ओळखतो आणि मोजतो. आकडा वाढला की मोबाईलवर संदेश येतो. आपण लहान मुलाला पुन्हा पुन्हा दाखवून गाय-म्हैस ओळखायला शिकवतो, तसंच हे शिकवणं आहे.

प्रत्येक शेतात असा महागडा सापळा परवडणार नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे सापळा नेहमीचाच आणि कॅमेरा आपल्या फोनचा. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसाठी वाधवानी एआय या संस्थेने असं अ‍ॅप केलं. सापळ्यातले पतंग कागदावर पसरून फोटो काढायचा, अ‍ॅप ते मोजतं आणि फवारणी करायची की नाही याचा सल्ला देतं. लष्करी अळीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये अ‍ॅप आणलं. आपल्या केंद्र सरकारनेही १५ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय कीड पाहणी प्रणाली सुरू केली. तिच्या अ‍ॅपवर पिकाचा फोटो टाकला की कीड ओळखायला मदत मिळते.

या यंत्रांना मर्यादाही आहेत. सापळ्यात फक्त नर येतात, अंडी तर पानावर असतात. दुसरे पतंगही आत पडतात आणि यंत्र कधी त्यांनाच लष्करी समजतं. काचेवर धूळ बसते, कोळी जाळं विणतो, ल्यूर जुनी होते, पावसात नेटवर्क जातं. म्हणून संदेश आला की लगेच औषध आणायला धावू नका. आधी शेतात जाऊन पाहून या.

मैत्रिणींनो, यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. खुरपणी आपण करतो, खत टाकायला आपण वाकतो, म्हणजे मक्याचं पान सगळ्यात जवळून आपणच पाहतो. नाव-नोंदणी मात्र सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या फोनची होते. तो फोन तालुक्याला किंवा ऊस तोडीला गेलेला असला, तर इशारा वेळेवर येऊनही शेतात पोचत नाही. म्हणून नोंदणी करताना घरातल्या बाईचा नंबरही द्यायला सांगा. जिच्याकडे फोन नसेल, तिच्यासाठी गटातल्या एकीने जबाबदारी घ्यावी. बचतीच्या वहीत एक पान सापळ्यांसाठी ठेवा. त्यावर तारीख, शेत आणि पतंगांचा आकडा लिहा. दोन बैठका झाल्या की संख्या वाढते की नाही, ते वहीच सांगेल.

संदेश आला किंवा सापळ्यात पतंग दिसले, की असं करा. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी वीस झाडं पहा. म्हणजे शंभर झाडं होतात आणि टक्केवारीचा हिशेब सोपा जातो. पानाच्या दोन्ही बाजू पहा. अंड्यांचा पुंजका दिसला तर बोटांनी चिरडा. अळी ओळखायची खूण सोपी आहे. डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी रेघ असते आणि शेपटीजवळ चार ठिपके चौकोनात असतात.

मका लहान असताना शंभरात पाच झाडांवर खाल्ल्याच्या खुणा दिसल्या, तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा, थोड्या पाण्यात दोनशे ग्रॅम साबण विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण शंभर लिटर करा. निंबोळ्या उन्हाळ्यात बांधावर फुकट पडलेल्या असतात. गटाने त्या वेचून, वाळवून ठेवल्या तर हंगामात विकत आणायला लागत नाहीत. प्रादुर्भाव दहा टक्क्यांच्या वर गेला, तर दुकानदाराऐवजी सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून औषध ठरवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. फवारणी करणाऱ्याने तोंडाला रुमाल, अंगभर कपडे आणि हातमोजे घालावेत. फवारलेल्या शेतात लगेच खुरपायला जाऊ नका.

येत्या बैठकीत एवढा एक विषय घ्या : आपल्या गावात पतंगांचा इशारा कोणाच्या फोनवर येतो आणि तो आपल्यापर्यंत किती दिवसांनी पोचतो? उत्तर 'दोन दिवसांपेक्षा जास्त' असं आलं, तर यादीत आपले नंबर घालायचं काम त्याच दिवशी करून टाका.