डिझेल मोटारीचे ग्लो प्लग घरच्या घरी बदलताना

हिवाळ्यात भाजीपाल्याचा हंगाम भरात येतो आणि नेमकी त्याच वेळी जुनी डिझेल गाडी पहाटे रुसते, असा अनेक शेतकरी बंधूंचा अनुभव आहे. ठाकुर्लीस राहणारे आमचे एक परिचित मुरबाडकडे भेंडी करतात. पहाटे चारला निघून शेतावर माल भरायचा व कल्याणच्या बाजारात वेळेवर पोहोचायचे, असा त्यांचा क्रम. भेंडीची तोडणी दिवसाआड करावीच लागते. लांबली तर शेंग निबर होते आणि भाव पडतो. मागील डिसेंबरात त्यांची गाडी सलग तीन दिवस पहाटे सुरू झाली नाही. दुपारी मात्र तीच गाडी पहिल्या सेलला सुरू होई. बॅटरी नवी घातली, फिल्टर बदलला, तरी गुण आला नाही. दोष ग्लो प्लगमध्ये होता. गॅरेजमध्ये यालाच हीटर प्लग म्हणतात.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. विहिरीवरचे ऑईल इंजिन हँडल मारून सुरू होते, ट्रॅक्टरही पहाटे सुरू होतो, मग मोटारीलाच हीटर का? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबामुळे हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. डिझेल सुमारे २१० ते २५० अंश सेल्सिअसला पेट घेऊ शकते, पण फवाऱ्याला पेटण्यास क्षणाचाही अवधी मिळत नसल्याने हवा त्याहून बरीच जास्त तापावी लागते. शेतीपंपाच्या व बहुतेक ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल थेट दट्ट्याच्या माथ्यावर पडते, त्यामुळे उष्णता फारशी वाया जात नाही. जुन्या मोटारींत मात्र हेडमध्ये एक लहान कोठी असते व डिझेल प्रथम त्या कोठीत फवारले जाते. १९९८ साली आलेल्या इंडिकाचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन आणि २००५ च्या टाटा एसचे, म्हणजे छोट्या हत्तीचे, दोन सिलिंडरचे ७०२ सीसी इंजिन याच जातीचे. कोठीच्या थंड भिंती हवेतील उष्णता शोषून घेतात. ठाकुर्ली-कल्याण भागात हिवाळ्यातील पहाट १५ अंशांच्या आसपास असते. बर्फ पडत नाही, तरी अशा इंजिनाला तेवढा गारठा पुरतो. ग्लो प्लगचे टोक काही सेकंदांत ८०० अंशांच्या वर तापते व पहिली ठिणगी पुरवावी तसे काम करते. नव्या कॉमन रेल इंजिनांनाही ग्लो प्लग असतात. ते निकामी झाले तरी आपल्याकडील हवेत गाडी बहुधा सुरू होते, मात्र धूर व थरथर वाढते.

आधी तपासणी, मग खर्च

सेल मारताना धुराड्याकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जात आहे पण पेटत नाही, म्हणजे ग्लो प्लगचा संशय घ्यावा. धूरच येत नसेल तर डिझेल पोहोचत नाही. लाइनमध्ये हवा आहे का, फिल्टर चोंदला आहे का, हे बघावे. इंजिन संथ फिरत असेल तर प्रथम बॅटरी व तिची टर्मिनले पाहावीत. गाडी गरम असतानाही सुरू होण्यास त्रास देत असेल, तर प्लग बदलून पैसे घालवू नयेत. कॉम्प्रेशन व पंपाची तपासणी करून घ्यावी.

चावी फिरवल्यावर डॅशवरचा पिवळा दिवा लागतो, म्हणून प्लग चांगले आहेत असे अनेकजण समजतात. तसे नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दिवा टाइमरवर चालतो. चारही प्लग जळाले तरी तो लागेल. गाडी थंड असताना चावी फिरवून प्लगच्या पट्टीवर टेस्ट दिवा लावावा. काही सेकंदही वीज येत नसेल तर दोष फ्यूज किंवा रिलेत आहे. वीज येत असेल तर चावी बंद करून पट्टी सोडवावी. १२ व्होल्टच्या लहान दिव्याची एक तार बॅटरीच्या धन टोकाला व दुसरी प्लगच्या माथ्याला टेकवावी. दिवा लागला तर आतील तार शाबूत आहे, न लागला तर प्लग गेला. मीटर असल्यास अधिक बरे: चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो व सर्वांचे आकडे जवळपास सारखे असतात. काढलेला प्लग तापवून पाहण्याचा मोह होतो. नव्या गाड्यांतील काही प्लग ५ किंवा ७ व्होल्टचे असतात. त्यांना थेट १२ व्होल्ट दिल्यास टोक फुटून अंगावर उडू शकते.

काढताना घाई नको

खरे कौशल्य काढण्यात आहे. प्लग अनेक वर्षे एकाच जागी राहून काजळीने व गंजाने धरलेला असतो आणि त्याचे अंग पोकळ असल्याने जोर केल्यास मोडतो. मोडका तुकडा हेडमध्ये राहिला तर तो खास अवजारांनी काढावा लागतो किंवा हेडच उतरवावे लागते. तो खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

आदल्या रात्री प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे. दुसऱ्या दिवशी गाडी फिरवून इंजिन चांगले गरम करावे, कारण गरम हेडमधून प्लग सहज सुटतो. हात भाजणार नाही याची काळजी घ्यावी. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून द्यावी आणि खोल गोटीचा पाना सरळ बसवावा. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला सोडवताना साधारण ३५ न्यूटन-मीटरपुढे जोर लावू नये. सोप्या भाषेत, वीतभर लांबीच्या दांड्यावर फार तर १५ ते १८ किलोची ओढ. ८ मिलिमीटरच्या प्लगला मर्यादा सुमारे २० न्यूटन-मीटरच. सुटत नसेल तर किंचित आवळावे, पुन्हा सोडवावे, तेल घालावे, इंजिन परत तापवावे. तरीही हलत नसेल तर तेथेच थांबावे.

निघालेल्या प्लगचे टोक नीट पाहावे. टोक फुगलेले किंवा वितळलेले असेल तर नोझलचा फवारा बिघडलेला असतो किंवा रिले अडकून वीज चालूच राहते. हा दोष काढला नाही तर नवा प्लगही तसाच जळेल.

नवा प्लग त्याच क्रमांकाचा, त्याच व्होल्टचा व तेवढ्याच लांबीचा घ्यावा. माझ्या मते एक जळाला तरी पूर्ण संच बदलावा. बाकीचे तेवढेच जुने असतात. प्रथम बोटांनी आटे धरवावेत, मग १० मिलिमीटरच्या प्लगला १५ ते १८ न्यूटन-मीटर एवढेच आवळावे. माथ्यावरची नट नाजूक असते, ती बेताने.

सुरू न होणाऱ्या इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची किंवा ईथरचा फवारा मारण्याची पद्धत खेड्यापाड्यांत आहे. ग्लो प्लग असलेल्या गाडीत ईथर मुळीच मारू नये. तापलेल्या टोकावर ते अवेळी भडकते व दट्ट्या किंवा हेड फुटू शकते.

आमच्या परिचितांच्या गाडीचे चारांपैकी दोन प्लग जळालेले निघाले, तिसऱ्याचा आकडा फार वर गेला होता. चौथा शाबूत होता, पण दोन दिवस तेल घालूनही हलला नाही, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला व गॅरेजवाल्यासाठी सोडला. नव्या तीन प्लगांवर गाडी दुसऱ्या पहाटे चारला दुसऱ्या सेलला सुरू झाली. अर्धा मिनिट पांढरा धूर आला आणि मग इंजिन नेहमीसारखे चालू लागले.