ठाण्याचे चार हुतात्मे आणि मागे उरलेला पाचवा

चार हुतात्मे म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन आठवतात; 12 जानेवारी 1931, येरवड्यातली फाशी. त्याच्या सहाशे वर्षं आधी ठाण्यातही चौघांनी श्रद्धेपायी जीव दिला होता. त्यांच्यामागे उरलेल्या पाचव्याची कहाणी मला त्याहून थोर वाटते.

देवगिरीचे यादव नुकतेच संपले होते, उत्तर कोकणावर दिल्लीचा अंमल होता. 1321 मध्ये होर्मुझहून कोल्लमला निघालेलं जहाज ठाण्याला लागलं. त्यात टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती साधू होते. सोबत फ्रान्सचा, डॉमिनिकन पंथाचा जॉर्डानस कातालानी. गावातल्या नेस्टोरियन ख्रिस्ती घरांनी त्यांना आसरा दिला. जॉर्डानस सोपारा-भडोचच्या बाजूला स्नानसंस्कार द्यायला गेला आणि इकडे काझीपुढचा धर्मवाद चौघांच्या जिवावर बेतला. कळताच तो उलटपावली फिरला. जेनोवाच्या एका तरुणाला हाताशी धरून त्यानं मृतदेह सोपाऱ्याला नेले, तिथल्या चर्चमध्ये पुरले.

परतीचं जहाज धरलं असतं तर कुणी दोष दिला नसता. तो राहिला, अडीच वर्षं एकटा. त्याच्या लिखाणात तुरुंगवास आहे, फटके आहेत, दगडफेक आहे. आणि ठाण्याहून धाडलेल्या पत्रात आणखी धर्मगुरू पाठवा ही विनवणी.

एवढं सोसूनही या मुलखाकडे तो कौतुकानं पाहत राहिला, याचं मला विशेष वाटतं. ‘मिराबिलिया’ या त्याच्या लॅटिन पुस्तकात आंब्याची गोडी आहे, पाच जणांना पुरेल एवढा फणस आहे, नारळ आहे. बिनछपराच्या बुरुजात मृतदेह पक्ष्यांसाठी ठेवणारे पारशीही आहेत.

1329 मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. भारतातला हा पहिला लॅटिन धर्मप्रांत.  नेमणूक कोल्लमची, हाल मात्र ठाणे-सोपाऱ्यात सोसले, ते बिशप होण्याआधीच. त्यानं पुरलेल्या अस्थी ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन पुढं चीनला घेऊन गेला. त्यातल्या थॉमसच्या भक्तीला रोमनं 1894 मध्ये मान्यता दिली.