मागच्या चाकांवरचा पहिला अर्धा सेकंद

वळण नाही, खड्डा नाही, ब्रेक मारायचा तोही शर्यत संपल्यावर. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर पळायचं. अशा शर्यतीत सस्पेन्शनला काम ते काय? तरीही अमेरिकेतले हौशी ड्रॅग रेसर मागच्या अॅक्सलभोवतीचं लोखंड बदलण्यात वर्षंच्या वर्षं घालवतात. कारण शर्यतीचं भवितव्य बरंचसं पहिल्या ६० फुटांतच ठरतं.

तिथल्या हौशी मंडळींची लाडकी गाडी घेऊ: १९७९ ते १९९३ दरम्यानची, ‘फॉक्स बॉडी’ म्हणून ओळखली जाणारी फोर्ड मस्टँग. हलकी बॉडी, हवं तर पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, आणि मागे एका तुळईसारखा सलग अॅक्सल. तो बॉडीला चार कंट्रोल आर्मनी जोडलेला: दोन खाली, दोन वर.

गाडी उसळी मारून निघाली की वजन मागे सरकतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण किती? गाडी १,५०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, दोन अॅक्सलमधलं अंतर २.५५ मीटर धरा. गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने ती निघाली, तर पुढच्या चाकांवरचा जवळजवळ ३०० किलो भार मागे जातो. आता गंमत बघा. या हिशेबात वजन आलं, उंची आली, लांबी आली, त्वरण आलं. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर कुठेच आले नाहीत! बाजारातला महागातला महाग सुटा भागही या ३०० किलोंत स्वतःच्या बळावर फारशी भर घालू शकत नाही. मग पैसे मोजायचे कशाचे? तो भार टायरवर कधी, किती झटक्याने आणि कोणत्या बाजूला पडणार, याचे.

आधी झटक्याचं बघू. गाडीकडे बाजूने पाहा आणि वरच्या व खालच्या आर्मच्या रेषा मनातल्या मनात पुढे वाढवा. त्या जिथे भेटतात, त्या बिंदूतून अॅक्सल जणू बॉडीला ढकलतो. टायर जमिनीला टेकतो तिथून या बिंदूकडे जाणारी रेषा पुरेशी चढी असेल, तर निघताना गाडीचा मागचा भाग बसत नाही, उलट वर उचलला जातो. बॉडी वर ढकलली की प्रतिक्रिया म्हणून टायर तेवढाच खाली दाबला जातो. वजनकाट्यावर उभं राहून वर उडी घ्यायला गेलात की काटा क्षणभर तुमच्या वजनाच्या पुढे पळतो, तसंच. खालच्या आर्मचं मागचं टोक काही सेंटिमीटर खाली आणणारे ब्रॅकेट विकले जातात ते एवढ्यासाठीच.

पण उडी संपल्यावर काटा मागेही येतो. बॉडी फार झपाट्याने उचलली गेली, तर टायरवरचा दाब लगेच ओसरतो आणि चाक जागच्या जागी फिरू लागतं. इथे शॉक अॅब्सॉर्बर कामाला येतो. तो उघडताना किती विरोध करायचा आणि दबताना किती, हे वेगवेगळं ठरवता येणारे शॉक महाग असतात. पण ट्रॅक चिकट असो की निसरडा, पाना न उचलता नुसती घुंडी फिरवून जुळवून घेता येतं.

आता डाव्या-उजव्याचं कोडं. १९८७ च्या मस्टँगच्या व्ही-८ चा टॉर्क सुमारे ४०७ न्यूटन-मीटर. पहिल्या गियरमध्ये तो ३.३५ पट होऊन प्रोपेलर शाफ्टला पिळतो. तो पीळ अॅक्सलचं उजवं चाक उचलतो आणि डावं दाबतो. नुसत्या गणिताने एका बाजूचे नव्वदएक किलो दुसरीकडे जातात. म्हणून १९६० च्या दशकात क्रायस्लरने ड्रॅगसाठी दिलेले पाट्यांचे स्प्रिंग डावे-उजवे वेगळे होते. कॉइल स्प्रिंगवाले उजव्या स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालतात. सर्वांत सुरेख तोड मात्र अँटी-रोल बारची. इंजिन अॅक्सलला एकीकडे पिळतं, तेव्हा बॉडीला नेमकं उलट पिळत असतं. दोघांना एका जाड दांड्याने जखडलं की दोन्ही पीळ एकमेकांना खातात आणि दोन्ही टायर जवळजवळ सारखे दाबले जातात.

उरले आर्मच्या टोकांशी असलेले रबरी बुश. कंपनीने ते गाडी सुखाची व्हावी म्हणून मऊ ठेवलेले असतात. जोर आला की ते दबतात, सुटतात, परत दबतात. अॅक्सल थडथडतो, चाक रस्त्यावर नाचतं. म्हणून कडक बुश आणि बंद पेटीसारख्या मजबूत नळीचे खालचे आर्म ही बहुतेकांची पहिली खरेदी. वरच्या आर्मला मात्र घाई नको. मस्टँगमध्ये ते तिरपे असतात आणि अॅक्सलला आडवं सरकू न देण्याचं कामही तेच करतात. तिथे फार कडक बुश घातले, तर रस्त्यावर वळताना सस्पेन्शन अडकतं.

याच खेळातल्या सर्वांत वेगवान टॉप फ्युएल गाड्यांना मागे सस्पेन्शनच नसतं. अॅक्सल थेट चौकटीला पक्का. लवायचं काम लांबलचक चौकट आणि सुरकुत्या पडणारे भलेमोठे टायर करतात.

तेव्हा कॅटलॉग उघडण्याआधी एक फुकटचं काम करा. मागच्या टायरचा, गाडी निघतानाचा, स्लो मोशन व्हिडिओ बाजूने आणि मागून घ्या. चाक नाचत असेल तर आर्म आणि बुश, टायर आधी चुरगळून मग सुटत असेल तर शॉक, एकच बाजू उचलली जात असेल तर अँटी-रोल बार. आणि टायरच साधे असतील, तर बाकी सगळं सोडून आधी टायर घ्या.