वॉशिंग मशीन आवाज करते? आधी कान लावा, मग पाना लावा

मित्रांनो, रिपेअरिंगचा धंदा सुरू करताय ना? मग सालेकसा किंवा देवरीहून गिऱ्हाइकाचा फोन आला की लगेच गाडी काढू नका. आधी विचारा, "आवाज कधी येतो? धुताना, पाणी सोडताना, की पिळताना?" अर्धं निदान इथेच होतं.

फक्त पिळताना मशीन धडधडत असेल, तर कपडे एका बाजूला गोळा झालेत का ते बघायला सांगा. एकटं ब्लँकेट टाकलं तरी असंच होतं. मग पाय तपासा. आपल्याकडच्या जुन्या फरशीवर चारही पाय सारखे टेकतातच असं नाही. पाय फिरवून लेव्हल करा, मशीन डुगडुगायला नको. फ्रंट लोड नवीनच असेल, तर मागचे ट्रान्सपोर्ट बोल्ट काढलेत का? ते राहिले तर मशीन घरभर नाचते. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

पाणी सोडताना खडखड येत असेल, तर पंपाचा फिल्टर बघा. रोवणीच्या दिवसांत खिशातून नाणी, खडे, खिळे हमखास येतात. आधी प्लग काढा, पाणी थंड होऊ द्या, खाली टोपलं ठेवा, मगच फिल्टर उघडा.

प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवा. घरघर येते, ड्रम वरखाली हलतो? मग बहुतेक बेअरिंग गेलं. हे काम गिऱ्हाइकाचं नाही, तुमचं. बेअरिंगवरचा नंबर वाचायला शिका. ६२०५ मधल्या शेवटच्या ०५ ला ५ ने गुणा, आतलं भोक २५ मिमी. ६२०६ असेल तर ३० मिमी. गोंदिया राईस मिलचं शहर, बेअरिंगचं दुकान शोधावं लागत नाही. पण सोबत सीलही बदला. सीलमधून पाणी झिरपतं, म्हणूनच बेअरिंग गंजतं. जुनं सील ठेवलं तर नवीन बेअरिंगचीही तीच गत.

आता धंद्याचं बोलू. फिल्टर साफ करून भागत असताना बेअरिंगचं बिल लावलं, तर पैसे एकदाच मिळतील. गावात गोष्ट लपत नाही, पुढचे दहा फोन दुसऱ्याला जातील. म्हणून व्हिजिट चार्ज फोनवरच सांगा, काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि काय केलं ते बिलावर मराठीत लिहा.

आज एवढंच करा: घरचं मशीन लावा आणि तिन्ही वेळचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा. चांगल्या मशीनचा आवाज कानात बसला, की बिघडलेली लगेच ओळखू येते.