ताक घ्यावे, पण त्याला दूध म्हणू नये

समलिंगी जोडप्यांच्या विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी संसदेच्या दारात नेऊन ठेवला. विवाह हा मूलभूत हक्क नव्हे, याविषयी पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा सहजीवनाला तरी मान्यता असावी, असे दोघांचे मत पडले. तिघांना ते पटले नाही. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. अशा वेळी एक जण सांगतो, पदरात पडेल ते घ्या. दुसरा म्हणतो, विवाहाखेरीज काहीही नको.

पदरात पडले तरी काय? सरकारने मंत्रिमंडळ सचिवांची समिती नेमली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये खुलासा केला की, या जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास प्रतिबंध नाही. नसलेला प्रतिबंध नाही म्हणून सांगण्यात औदार्य ते कोणते? तरीही खिडकीवरचा कारकून आता हुज्जत घालणार नाही, हेही थोडके नव्हे. पण नामनिर्देशित व्यक्ती त्या पैशाची केवळ राखणदार. मालक ठरतात ते कायदेशीर वारस. मृतदेह ताब्यात घेण्याची मुभा जोडीदाराला मिळावी, असे राज्यांना कळविले गेले, तेही जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर! जन्मभर ज्याने संसार केला त्याचा क्रमांक, ज्यांनी कधी तोंड पाहिले नाही त्यांच्या मागे.

असल्या तडजोडींचा अनुभव या देशाला नवा नाही. १८७२ साली ब्राह्मो समाजाच्या मागणीवरून नागरी विवाहाचा कायदा झाला. परंतु आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याच धर्माचे नाही, असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. ज्यांना ते लिहवेना त्यांना तो कायदा बंदच राहिला. हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांची ही अट १९२३ मध्ये सुटली, तीही एकत्र कुटुंबातून विभक्त होण्याच्या मोबदल्यात. सर्वांची सुटका होण्यास १९५४ चा विशेष विवाह कायदा यावा लागला. ८२ वर्षे! आणि याच कायद्याचे दार ही जोडपी आज ठोठावीत आहेत.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात निराळे घडले. न्यायालयाच्या १९९९ च्या निर्णयानंतर विधिमंडळाने २००० साली विवाहाचे नाव टाळून 'नागरी सहजीवन' दिले. अनेकांना तो अपमान वाटला, आणि तो होताही. पण तो स्वीकारताना मूळ मागणी सोडल्याचे कोणी लिहून घेतले नाही. २००९ साली विधिमंडळाने राज्यपालांचा नकार डावलून विवाहच मान्य केला.

आमच्या मते पाहावयाचे ते मिळते किती हे नव्हे, सही कशावर मागतात हे. सवलती अवश्य घ्याव्यात. तत्त्वासाठी थांबा असे साठीच्या जोडप्याला सांगणारा दुसऱ्याच्या आयुष्यातून खर्च करीत असतो. मात्र उद्या विवाहाचा दावा सोडण्याच्या अटीवर एखादे विधेयक आले, तर ते तसेच परत पाठवावे. तूर्त वारसा आणि रुग्णालयातील संमती या दोन बाबी संसदेने हाती घ्याव्यात. तेथे परिपत्रकाने भागणार नाही. कायदाच दुरुस्त करावा लागेल.